धुण्याची यादी, घरची इस्त्री आणि तांब्याच्या वाटा



या मालिकेत आपण आतापर्यंत लढाया पाहिल्या, किल्ले पाहिले, नागपूरकर भोसल्यांच्या फौजा छत्तीसगडात कशा उतरल्या तेही पाहिलं. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील की कर्नलसाहेबांना रायपूरचं ऊन लागलं. आजचा विषय आहे इस्त्री. कपड्यांचीच इस्त्री. पण तिने कपडे नाही, इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड कसा बनतो, आणि ही युक्ती आपल्या हातात येईपर्यंत सव्वादोनशे वर्षांत कुणाकुणाचे हात लागले, ते सांगायचं आहे. शेवटी माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. ती सांगायला मला तीस-पस्तीस वर्षं लागली.

सुरुवात घरापासून करतो. गेल्या मे महिन्यात नात सुट्टीला पुण्याहून आमच्याकडे आली होती. आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी रोज सकाळी भरून वाहायची आणि खालून सौ.ची हाक यायची, ‘‘अहो, टाकी वाहतेय!’’ नात म्हणाली, ‘‘आजोबा, तुम्ही सिग्नल्समध्ये होता ना? मग टाकी भरली की वाजणारी घंटा करा की.’’ आता मी पडलो फौजी. आव्हान दिल्यावर मागे कसा सरणार?

सर्किट अगदी साधं आहे. दोन ट्रान्झिस्टर, चार-पाच रेझिस्टर, एक बझर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. टाकीत वरच्या बाजूला दोन तारा सोडायच्या. पाणी त्यांना टेकलं की पाण्यातून अगदी किंचित करंट जातो, ट्रान्झिस्टर जागा होतो आणि बझर वाजतो. सामान आणायला आम्ही जयस्तंभ चौकातल्या रवी भवनात गेलो. दुकानदार म्हणाला, ‘‘कर्नल साहब, बना-बनाया ले जाइए, सस्ता पड़ेगा.’’ त्याचं म्हणणं खरंच होतं. पण नातीने मान हलवली. तिला बनवायचं होतं.

आम्ही तांब्याचा पत्रा चिकटवलेली कोरी पाटी घेतली. या धंद्यात तिला कॉपर क्लॅड म्हणतात. खाली काचेच्या धाग्यांचा किंवा कागदाचा कडक थर असतो आणि वर तांब्याचा पातळ पापुद्रा. त्याची नेहमीची जाडी ३५ मायक्रॉन असते, म्हणजे डोक्यावरच्या केसाहून साधारण कमीच. त्या अख्ख्या पापुद्र्यातून फक्त आपल्याला हव्या त्या वाटा ठेवायच्या आणि बाकीचं तांबं खाऊन टाकायचं. हे खाण्याचं काम फेरिक क्लोराइड करतं. मग वाटा कशा वाचवायच्या? त्यांच्यावर असं काहीतरी पांघरायचं की ते द्रावण तिथे पोहोचणारच नाही.

इस्त्री इथे कामाला येते. सर्किटचा नकाशा लेझर प्रिंटरने गुळगुळीत, चकचकीत कागदावर छापायचा. तो तांब्यावर पालथा घालायचा आणि वरून तापलेली इस्त्री दाबून फिरवायची. लेझर प्रिंटरची शाई खरं तर शाई नसतेच. ती प्लॅस्टिकची काळी पूड असते, तिला टोनर म्हणतात. उष्णतेने ती वितळते आणि तांब्याला चिकटते. मग पाटी पाण्यात बुडवून ठेवायची. कागद भिजून लिबलिबीत होतो, तो अंगठ्याने हळूहळू चोळून काढायचा. तांब्यावर काळ्या रेघा राहतात. ही पाटी फेरिक क्लोराइडमध्ये सोडली की उघडं तांबं विरघळतं आणि रेघांखालचं वाचतं. शेवटी थिनरने टोनर पुसला की खाली तांब्याच्या लखलखीत वाटा.

ऐकायला सोपं आहे. आमची पहिली पाटी मात्र फुकट गेली, कारण नकाशा उलटा छापायचं मी विसरलो. कागद पालथा पडतो, म्हणून छपाई आरशातल्यासारखी हवी. दुसरी गेली ती माझ्या उतावीळपणामुळे. कागद पुरता भिजायच्या आत मी ओढला आणि त्याच्यासोबत अर्ध्या रेघा निघून आल्या. इस्त्रीला काळा डाग पडला तो वेगळाच. सौ. काही बोलल्या नाहीत, फक्त ती इस्त्री माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि स्वतःसाठी नवी मागवली.

दुसरी पाटी हातात घेऊन बसलो असताना नातीने विचारलं, ‘‘आजोबा, हे पहिल्यांदा कुणाला सुचलं?’’ मला पटकन उत्तर देता आलं नाही. इस्त्रीची ही युक्ती कुणा एकाच्या नावावर नाही. पण तिचे धागे सोडवत गेलो तेव्हा ते थेट १७९६ सालच्या म्युनिक शहरात जाऊन पोहोचले, आणि तिथेही गोष्ट कपड्यांचीच निघाली.

अलॉइस सेनेफेल्डर नावाचा एक तरुण नाटककार होता. नाटकं लिहायचा, पण ती छापून घ्यायला पैसे नव्हते. म्हणून छपाईची स्वस्त पद्धत तो स्वतःच शोधत होता. आधी त्याने तांब्याच्या पत्र्यावर उलट अक्षरं लिहून ॲसिडने कोरण्याचा प्रयत्न केला. तांबं महाग पडायला लागलं, तेव्हा उलट लिहिण्याच्या सरावासाठी त्याने चुनखडीच्या गुळगुळीत फरश्या घेतल्या. एके दिवशी आईने सांगितलं, धोबीण आली आहे, कपड्यांची यादी लिहून दे. हाताशी कागदाचा कपटा नव्हता आणि नेहमीची शाईही वाळून गेलेली. मेण, साबण आणि काजळी मिसळून त्याने प्रयोगासाठी एक शाई केली होती. तिनेच त्याने ती यादी समोरच्या दगडावर लिहिली. नंतर पुसायला गेला तेव्हा त्याच्या मनात आलं की यावर ॲसिड ओतलं तर काय होईल? त्याने ओतलं. उघडा दगड खाल्ला गेला आणि मेणाच्या शाईखालची अक्षरं किंचित उंच उभी राहिली. हा प्रसंग त्याने स्वतःच पुढे आपल्या पुस्तकात लिहून ठेवला आहे.

आता मेण, साबण, काजळी या यादीकडे नीट बघा. उष्णतेने वितळणारं काहीतरी आणि त्यात काळा रंग. आपल्या टोनरमध्ये काय असतं? वितळणारं प्लॅस्टिक आणि काजळीसारखा कार्बन. दोनशे वर्षांत पदार्थ बदलले, पण जिथे शाई तिथे ॲसिड पोहोचत नाही ही मूळ गोष्ट तीच राहिली.

सेनेफेल्डर तिथेच थांबला नाही. दोन-तीन वर्षांत त्याच्या लक्षात आलं की दगड कोरण्याचीही गरज नाही. तेलकट अक्षर पाण्याला दूर ठेवतं आणि ओला दगड तेलकट शाईला दूर ठेवतो, एवढ्यावरच छपाई होते. यालाच आपण शिळाछाप म्हणतो. त्याची आणखी एक युक्ती आपल्या फार जवळची आहे. दगडावर उलटं लिहिणं कठीण, म्हणून त्याने खळ लावलेल्या कागदावर सुलटं लिहिलं, तो कागद दगडावर पालथा घालून दाबला आणि अक्षरं दगडावर उतरवली. कागदावरून पाटीवर. आम्ही इस्त्रीने जे करत होतो ते हेच. माझी पहिली पाटी ज्या कारणाने वाया गेली, त्या उलट-सुलटच्या कटकटीवर या माणसाने तेव्हाच उपाय काढला होता.

ही विद्या आपल्याकडे कशी आली? मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मिशनऱ्यांचा छापखाना होता. तिथली छपाई गणपत कृष्णाजी नावाच्या एका माणसाने पाहिली आणि आपल्या लोकांचे ग्रंथही असे छापावेत असं त्याच्या मनाने घेतलं. यंत्र विकत घ्यायची सोय नव्हती, शाईचा मसाला कुणी सांगत नव्हतं. त्याने स्वतःच्या हाताने लाकडाचा लहानसा छापण्याचा दाब तयार केला, दगडाचा तुकडा मिळवला आणि शाई कशी करायची ते चुकतमाकत शोधून काढलं. १८३१ साली त्याने पंचांग छापलं. छापलेला कागद सोवळ्याला चालत नाही, शाईत चरबी असते, अशी तेव्हा ओरड होती. त्यावर त्याने तुपाची शाई केली असं सांगतात. गोविंद नारायण माडगावकरांच्या १८६३ सालच्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात या माणसाच्या खटपटीची नोंद आहे. मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की हा माणूस आधी शिकून मग छापखान्यात गेला नाही. घरी करत करतच शिकला.

आणि आमच्या छत्तीसगडचंही सांगायला हवं. १९०० सालच्या जानेवारीत पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक निघालं. ते काढणारे माधवराव सप्रे हे मराठी घरातले. मोठ्या शहरातून कुणी येऊन आमच्याकडे मासिक काढेल म्हणून ते थांबले नाहीत. पेंड्र्याच्या राजकुमाराची शिकवणी करून जमलेल्या पैशांतून त्यांनी हे काम उभं केलं आणि सुरुवातीचे अंक आमच्या रायपुरातच छापले गेले. त्यांच्या नावाची शाळा आजही शहरात आहे. तिथून जाताना मला नेहमी वाटतं की छपाई म्हणजे नुसता कागद काळा करणं नव्हे, आपलं आपण करण्याची ती एक सवय आहे.

आता पुढे जाऊ आणि रेडिओकडे वळू. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी मागून उघडून पाहिला असेल त्यांना आठवेल, आत तारांचं जंजाळ असायचं. एकेक तार हाताने जोडलेली. एक जोड कच्चा राहिला की रेडिओ मुका. हे जंजाळ मोडलं ते पॉल आयझ्लर या माणसाने. जन्म १९०७ सालचा, व्हिएन्नाचा. शिक्षण इंजिनिअरचं, पण ज्यू असल्यामुळे धड नोकरी मिळेना. मध्यंतरी त्याने छपाईच्या धंद्यात काम केलं आणि तिथे त्याला ठसे कसे कोरतात ते कळलं. १९३६ साली तो इंग्लंडला निघून आला. लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या एका भाड्याच्या खोलीत बसून त्याने रेडिओ बनवला. त्यात तारांऐवजी पत्र्याच्या छापील वाटा होत्या. शिळाछापवाल्यांचीच रीत त्याने धातूच्या पातळ पापुद्र्यावर आणली. ठेवायचं ते शाईने झाकायचं आणि बाकीचं ॲसिडला द्यायचं.

तो रेडिओ घेऊन तो एका मोठ्या कंपनीकडे गेला. उत्तर मिळालं की तारा जोडायला आमच्याकडे मुली आहेत, त्या याहून स्वस्त पडतात. पुढे महायुद्ध सुरू झालं. ज्या नाझींपासून तो पळून आला होता त्यांच्याच देशाचा नागरिक म्हणून इंग्रजांनी त्याला नजरकैदेत टाकलं. १९४१ साली सुटका झाल्यावर त्याला हात दिला तो कुठल्या रेडिओ कंपनीने नाही, तर लंडनमधल्या हेंडरसन अँड स्पाल्डिंग या शिळाछापवाल्यांनी. दगडावर छापणाऱ्यांना त्याचं म्हणणं लगेच समजलं असणार. १९४३ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला.

त्याच काळात अमेरिकेत वेगळ्या वाटेने हेच चाललं होतं. तोफेच्या गोळ्यात बसेल असा रेडिओ हवा होता. लक्ष्याच्या जवळ पोहोचल्यावर गोळा आपोआप फुटावा, म्हणून त्यात रेडिओलहरी सोडणारा फ्यूज बसवायचा. त्याला प्रॉक्सिमिटी फ्यूज म्हणतात. तोफेतून सुटताना बसणारा झटका सहन करील असं सर्किट तारांनी कसं होणार? मॉर्टरच्या गोळ्यासाठी त्यांनी चिनी मातीच्या तबकडीवर चांदी मिसळलेल्या रंगाने सर्किट छापलं. इथे फरक लक्षात घ्या. अमेरिकन फ्यूजमध्ये जिथे हवं तिथे धातू लावला, आयझ्लरने जिथे नको तिथला धातू काढला. आज आपल्या मोबाइलपासून टीव्हीपर्यंत जे बोर्ड आहेत ते मुख्यतः काढण्याच्या रीतीने बनतात.

युद्धानंतर या गोष्टीला आजचं रूप दिलं ते आमच्याच बिरादरीने. १९४९ साली अमेरिकन लष्कराच्या सिग्नल कोअरमधल्या मो अब्रामसन आणि स्टॅनिस्लॉस डॅन्को यांनी एक पद्धत बसवली. तांब्याच्या वाटांची पाटी घ्यायची, भोकं पाडायची, सुट्या भागांचे पाय त्यांतून आरपार घालायचे आणि खालून वितळलेल्या कथलात बुडवून सगळे जोड एका दमात करायचे. १९५६ साली त्याचं पेटंट लष्कराच्या नावावर झालं. सिग्नल्सच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये गेलात तर या दोघांना कुणी ओळखत नाही, पण त्यांचं काम तिथल्या प्रत्येक कपाटात आहे.

म्हणजे पाटी तयार झाली. पण इस्त्रीसाठी टोनर हवा, आणि त्याची गोष्टही अशाच एका भाड्याच्या खोलीतली आहे.

न्यूयॉर्कमध्ये चेस्टर कार्लसन नावाचा गृहस्थ विजेचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीला होता. दिवसभर कागदांच्या नकला करायच्या. डोळे अधू, त्यात संधिवात. नक्कल आपोआप व्हावी म्हणून तो स्वतःच्या स्वयंपाकघरात गंधक तापवायचा. घरभर वास आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी. मग ॲस्टोरिया भागात त्याने एक खोली भाड्याने घेतली आणि युरोपातून आलेल्या ओटो कॉर्नेई या निर्वासित पदार्थवैज्ञानिकाला मदतीला ठेवलं. १९३८ सालच्या २२ ऑक्टोबरला त्यांनी गंधक फासलेला जस्ताचा पत्रा कापडाने घासून त्यावर विजेचा भार आणला. काचेवर तारीख आणि ‘ॲस्टोरिया’ असं लिहून ती काच पत्र्यावर ठेवली आणि वरून दिवा लावला. उजेड पडला तिथला भार गेला, अक्षरांच्या सावलीत तो राहिला. वर बारीक पूड भुरभुरली, ती अक्षरांपुरतीच चिकटली. मेणाचा कागद दाबून त्यांनी ती उचलली आणि गरम करून पक्की केली.

म्हणजे पूड, दाब आणि उष्णता. इस्त्रीचे तीन मंत्र त्या दिवशीच जमले होते. पुढे वीसहून अधिक कंपन्यांनी कार्लसनला परत पाठवलं. १९४४ साली बॅटेल या संशोधन संस्थेने त्याचं काम हाती घेतलं, मग हॅलॉइड नावाच्या छोट्या कंपनीने ते उचललं. १९५९ साली तिने झेरॉक्स ९१४ हे यंत्र आणलं आणि पुढे आपलं नावच झेरॉक्स करून टाकलं. आपल्याकडे तर आज फोटोकॉपी म्हणजेच झेरॉक्स. सत्तरच्या दशकात याच कंपनीच्या गॅरी स्टार्कवेदर या इंजिनिअरने दिव्याऐवजी लेझर वापरून प्रिंटर केला, आणि १९८४ साली ह्युलेट-पॅकार्डच्या लेझरजेटनंतर तो टेबलावर ठेवण्याजोगा झाला.

त्यानंतर जगभर घरी सर्किट बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं की टोनर म्हणजे प्लॅस्टिक, आणि प्लॅस्टिकला ॲसिड खात नाही. त्याआधी आमच्यासारखे लोक काय करायचे? ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक आपल्या देशात १९६९ सालापासून निघतं. त्यात सर्किटच्या पाटीचा नकाशा खऱ्या मापात छापलेला असायचा. तो कार्बन पेपरने तांब्यावर उतरवायचा आणि मग ऑइल पेंट किंवा बायकोचं नेलपॉलिश घेऊन ब्रशने एकेक वाट रंगवायची. हात थरथरला की दोन वाटा एक व्हायच्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सामान घ्यायला आलेल्या पोरांच्या बोटांवर फेरिक क्लोराइडचे पिवळे डाग असायचे, त्यावरूनच कोण कशाला आलंय ते कळायचं. लेझर प्रिंटर आणि इस्त्रीने या पोरांच्या हातचा ब्रश काढून घेतला.

इथे एक प्रश्न रास्त आहे. आज संगणकावर नकाशा काढून पाठवला की कारखान्यातून पाच-दहा सुबक बोर्ड काही दिवसांत घरपोच येतात. मग इस्त्रीचा खटाटोप कशाला? इस्त्रीच्या मर्यादाही आहेत. अगदी बारीक वाटा नीट उतरत नाहीत, दोन्ही बाजूंची पाटी करायची तर नकाशे जुळवताना जीव मेटाकुटीला येतो, आणि भोकांच्या आत तांबं चढवता येत नाही. धंद्याचा माल करायचा असेल तर कारखान्याचाच बोर्ड घ्यावा, यात वाद नाही.

याचं उत्तर मला पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावाकडे पाहिल्यावर मिळालं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतून डॉक्टरेट घेतलेले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेले शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली पाबळच्या माळावर विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत मागे पडलेल्या मुलांना हाताने काम देत शिकवायचं, हा त्यांचा आग्रह. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या साथीने तिथे फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या लॅबपैकी ती एक. या फॅब लॅबमध्ये सर्किटची पाटी लहान यंत्राने कोरून मुलं स्वतः करतात. तिथे ॲसिडही नाही, इस्त्रीही नाही. पण विचार तोच आहे की ज्याने एकदा बनवलं, त्याची भीती जाते. त्याच्यासाठी यंत्र ही बंद पेटी उरत नाही.

आता माझी चूक.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. मी कॅप्टन होतो. उंचावरची एक पोस्ट, हिवाळा, बर्फाने वाट बंद. जनरेटरने दगा दिला, जास्त व्होल्टेज गेलं आणि रेडिओ सेटच्या पॉवर सप्लायच्या कार्डावरची एक वाट जळाली. नियम असा की कार्ड जळालं तर बदलायचं. ते उघडून त्यावर काम करायचा अधिकार त्या पातळीवर कुणाला नव्हता. पण बदलायला कार्ड होतं खाली, आणि मध्ये बर्फ. पोस्टवर एक हवालदार होता, रेडिओ मेकॅनिक. त्याने फील्ड टेलिफोनच्या केबलमधली तांब्याची एक तार सोलून काढली, रॉकेलच्या स्टोव्हवर सोल्डरिंगची सळई तापवली आणि जळालेल्या वाटेच्या दोन्ही टोकांना ती तार जोडली. पुढचे अकरा दिवस त्या पोस्टचा आवाज खाली येत राहिला, तो त्या एका तारेवरून. त्या अकरा दिवसांत एका आजारी जवानाला खाली आणायचा निरोपही त्याच सेटवरून आला.

वाट उघडल्यावर मी वर गेलो, सेट उघडला आणि ती तार पाहिली. हवालदार म्हणाला, ‘‘साहब, सेट बोल रहा है.’’ मी काय म्हणालो असेन? मी त्याला अनधिकृत दुरुस्तीबद्दल तंबी दिली. सगळ्यांसमोर दिली. त्याच्या त्या वर्षीच्या अहवालातही मी हात आखडता घेतला. तो एवढंच म्हणाला, ‘‘जी साहब.’’

नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. कच्चा जोड सेटला आग लावू शकतो, म्हणून नियम असतात. पण नियमात बसत नाही म्हणून त्या माणसाची अक्कल मला दिसलीच नाही, ही चूक माझी. मुली स्वस्त पडतात म्हणणारा तो कंपनीवाला आणि कार्लसनला वीस दारांतून परत पाठवणारे साहेब यांना आपण आज हसतो. मी त्यांच्याच खुर्चीत बसलो होतो. त्या हवालदाराला कार्ड ही बंद पेटी वाटत नव्हती. तांब्याची एक वाट तुटली आहे, दुसरी घालून देऊ, इतकं सरळ त्याला दिसत होतं. मी बी.एस्सी., महूला कोर्स करून आलेला अधिकारी. मला कार्डाचा पार्ट नंबर पाठ होता. कार्ड म्हणजे काय ते मला खऱ्या अर्थाने कळलं ते साठी ओलांडल्यावर, दोन पाट्या फुकट घालवल्यावर.

हे मी नातीला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात का?’’ मी म्हटलं, नाही. तो निवृत्त होऊन गावी गेला त्याला खूप वर्षं झाली. त्याचं नाव मी इथे घेत नाही. पण हा भाग त्याच्यासाठी आहे.

तिसऱ्या पाटीचं सांगतो. या वेळी नकाशा नातीने छापला, आरशातला, दोनदा तपासून. तांबं तिने तारेच्या घासणीने चकाकेपर्यंत घासलं आणि मग त्याला बोट लावू दिलं नाही, कारण बोटाचं तेल लागलं तर टोनर धरत नाही. इस्त्री सुती कपड्यांच्या खुणेवर, वाफ बंद, चार-पाच मिनिटं दाबून. मग अर्धा तास पाण्यात, आणि या वेळी मी हात मागे बांधून बसलो. फेरिक क्लोराइड प्लॅस्टिकच्या टबात, धातूच्या भांड्यात कधीही नाही. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. द्रावण करताना पूड पाण्यात टाकायची, पुडीवर पाणी ओतायचं नाही, कारण ती विरघळताना चांगलीच तापते. द्रावण कोमट असलं तर काम लवकर होतं, आणि मे महिन्यात रायपूरच्या गच्चीवर ते कोमट करायला काही करावं लागत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत तांब्याच्या वाटा उभ्या राहिल्या. मुलांनी हे मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावं, आणि वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नये. त्यात तांबं उतरलेलं असतं, ते पाण्यातल्या जिवांना विष आहे. आम्ही ते बरणीत झाकून ठेवलं आहे, पुढच्या पाटीलाही चालतं.

भोकं पाडली, भाग बसवले, डाग दिले. एक डाग नातीचा कच्चा निघाला, तो तिने स्वतःच शोधला आणि पुन्हा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरली आणि बझर वाजला. खालून सौ.ची हाक आली, ‘‘अहो, ते तुमचं काहीतरी ओरडतंय!’’ नात धावत जाऊन पंप बंद करून आली.

ती पुण्याला परत गेली तेव्हा फुकट गेलेल्या दोन पाट्या सोबत घेऊन गेली. मी विचारलं, या कशाला? म्हणाली, मैत्रिणींना काय चुकलं ते दाखवायला.

पुढच्या भागात आपण पुन्हा इतिहासाच्या मैदानावर जाऊ. तोवर, घरात एखादं बंद पडलेलं यंत्र असेल तर फेकण्याआधी प्लग काढून, जाणत्या माणसाला शेजारी बसवून, एकदा उघडून बघा. आतल्या तांब्याच्या वाटा तुम्हाला आता ओळखीच्या वाटतील.

जय हिंद.